ऑपरेशन झाल्यानंतरची वर्षं

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र परवा मिळालं. जन्मजात दोषांची ऑपरेशनं झालेल्या मुलांच्या फॉलो-अप ओपीडीत नेमणूक झाल्याचं तू कळवलंस, पण सूर जरा उतरलेलाच वाटला. नवजात अतिदक्षता विभागात एका रात्रीत बाळ हाताशी येतं, त्याचं समाधान वेगळंच असतं. इथे तीच मुलं वर्षातून एकदा येतात. वजन-उंची घ्यायची, इको (हृदयाची सोनोग्राफी) बघायचा आणि ‘पुढच्या वर्षी या’ म्हणायचं. खरं काम मागे राहिलं असं तुला वाटतंय. मला नेमकं उलट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात जन्मणाऱ्या बाळांपैकी सुमारे ६ टक्के बाळांना काही ना काही जन्मजात दोष असतो. अशी जवळपास २,४०,००० बाळं दरवर्षी पहिल्या २८ दिवसांतच दगावतात. आपली सगळी धडपड त्या २८ दिवसांभोवती चालते आणि ती चालायलाच हवी. पण जी वाचतात त्यांच्यापुढे अख्खं आयुष्य असतं. दुरुस्त केलेलं हृदय, जोडलेली अन्ननलिका, डोक्यातला शंट (मेंदूत साचणारं पाणी खाली वळवणारी नळी) हे सगळं बरोबर घेऊनच ती मोठी होतात. त्या पुढच्या वर्षांकडे बघणारी माणसं फार थोडी आहेत. त्यांतली एक आता तू आहेस.

हृदयाच्या ऑपरेशननंतर आईवडील एकच प्रश्न विचारतात, ‘आता सगळं ठीक ना? परत काही होणार नाही ना?’ कित्येक रात्री न झोपलेले ते चेहरे बघून ‘हो, आता विसरून जा’ असं म्हणावंसं वाटतं. तसं कधीही म्हणू नकोस. ‘मोठं संकट टळलंय. मूल शाळेत जाईल, खेळेल. पण या हृदयाकडे जाणकार माणसानं नियमित बघायला हवं, ते मोठं झाल्यावरसुद्धा,’ असं सांग. हे ऐकून आईवडील खचत नाहीत. दहा वर्षांनी अचानक दुसऱ्या ऑपरेशनचं नाव काढलं, तर मात्र खचतात आणि आपल्यावरचा त्यांचा विश्वासही उडतो.

फॅलोट्स टेट्रालॉजी घे, म्हणजे हृदयात एकत्र येणारे चार जन्मजात दोष, ज्यांत रक्तात ऑक्सिजन कमी पडून बाळ निळं दिसतं. १९४४ साली या निळ्या बाळांसाठी पहिला शंट, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त वळवणारी जोडवाट, झाला, १९५४ मध्ये पहिली पूर्ण दुरुस्ती झाली आणि जी मुलं लहानपणीच जायची ती मोठी होऊ लागली. पण फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करताना तिथली झडप बहुतेक वेळा कामातून जाते. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे येतं आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जातो. मूल सायकल चालवतं, जिने चढतं, त्याची काही तक्रार नसते. तक्रार सुरू होईपर्यंत थांबलं, तर नवी झडप बसवूनही तो कप्पा पूर्ववत होईलच असं नाही. म्हणून ठरावीक अंतरानं एमआरआय करून कप्प्याचं आकारमान मोजायचं आणि दर भेटीचा ईसीजी मागच्या ईसीजीशेजारी ठेवून बघायचा. ईसीजीतल्या क्यूआरएस या लहरीची रुंदी १८० मिलिसेकंदांच्या घरात गेली की ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. असं मूल ‘मैदानावर चक्कर आली’ म्हणालं, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून देऊ नकोस.

महाधमनी आकसलेली मुलं याहून फसवी. दुरुस्ती उत्तम झालेली असते, इको छान असतो, आणि तरीही विशी-तिशीत बीपी चढतं, कधी त्याच्याही आधी. इथे तुझ्या हातात एक साधं काम आहे, ते मनापासून कर. बीपी उजव्या हातावर घे. जुन्या पद्धतीच्या काही ऑपरेशनांत डाव्या हाताची धमनी वापरलेली असते. त्या हातावर आकडा खोटा कमी येतो आणि सगळे निर्धास्त होतात. कफ दंडाच्या मापाचा हवा, मूल पाच मिनिटं शांत बसलेलं हवं. मग पायावरही बीपी घे आणि जांघेतली नाडी स्वतःच्या बोटांनी बघ. दोन आकड्यांत फरक पडायला लागला, तर ती जागा पुन्हा आकसत असेल. एवढं पाहायला कुठलं महागडं यंत्र लागत नाही, तरी गर्दीच्या ओपीडीत नेमकं हेच राहून जातं.

फॉन्टान झालेल्या मुलांचं यकृत विसरू नकोस. एकाच कप्प्यावर रक्ताभिसरण चालवणारं हे ऑपरेशन १९७१ साली पहिल्यांदा जगापुढे आलं. त्यात शिरांमधला दाब कायम चढा राहतो आणि यकृत आतल्या आत टणक होत जातं. हृदयाची फाईल जाडजूड असते, पण तिच्यात यकृताची सोनोग्राफी कित्येकदा नसते. आणि हृदयाच्या सगळ्याच मुलांचे दात बघत जा. किडलेल्या दातातून जंतू रक्तात शिरून झडपेवर बसले, तर आधीची सगळी मेहनत पणाला लागते.

जन्मापासूनचा त्रास मुलाला त्रास वाटतच नाही, ही गोष्ट कुठल्याही पुस्तकापेक्षा तुला ओपीडीच जास्त शिकवेल. अन्ननलिका जन्मतः तुटलेली होती आणि जोडून घेतली, अशा मुलाला ‘गिळताना अडतं का?’ विचारलं की तो सरळ नाही म्हणतो. न अडता गिळणं कसं असतं हे त्याला कुठे माहीत आहे? प्रश्न बदल. घासागणिक पाणी लागतं का? जेवायला बसल्यावर सगळ्यात शेवटी कोण उठतं? कुठले पदार्थ तू टाळतोस? झोपेत खोकला येतो का? मग आई सांगायला लागते आणि मुलगा आश्चर्यानं तिच्याकडे बघतो. या मुलांत आम्लाचा उलटा प्रवाह वर्षानुवर्षं चालू राहतो आणि अन्ननलिकेच्या अस्तरात बदल होऊ शकतात. म्हणूनच युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, तक्रार नसली तरी मोठं होईपर्यंत तीनदा दुर्बिणीतून तपासणी सुचवली आहे. शेवटची तपासणी मुलाला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे सोपवताना करायची.

पाठीच्या कण्याचा दोष, म्हणजे स्पायना बिफिडा असलेल्या मुलांत सगळ्यांचं लक्ष पायांकडे असतं. चालेल का, कधी चालेल, हाच विषय. पण पुढे जिवावर बेततं ते बहुधा मूत्रपिंडांवरून. ‘लघवी होते की, कपडे ओले असतात,’ असं आई म्हणते. कपडे ओले झाले म्हणजे मूत्राशय रिकामं झालं असं नाही. ते भरून वाहत असतं, आतला दाब मागे मूत्रपिंडांवर जातो, आणि दुखत काहीच नाही. स्वच्छ कॅथेटर दिवसातून ठरावीक वेळा घालून मूत्राशय रिकामं करायची पद्धत १९७२ मध्ये लॅपिडीस यांनी मांडली आणि या मुलांचं आयुष्य बदललं. मात्र तेरा-चौदा वर्षांचं मूल ती सोडून देतं. शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नसते, मित्र विचारतात. ‘का करत नाहीस?’ म्हणून रागवायच्या आधी, शाळेत हे कुठे करतोस आणि दार लागतं का, ते विचार. मग शाळेला एक पत्र लिही. तुझ्या त्या पत्रानं औषधाइतकाच फरक पडतो.

याच मुलांची उंची झपाट्यानं वाढते तेव्हा पाठदुखी, बदललेली चाल किंवा लघवीवरचा गेलेला ताबा, यातलं काहीही नव्यानं दिसलं तर मज्जारज्जू खाली अडकून ताणला जात असेल. डोक्यात शंट असलेल्याला डोकेदुखी, उलट्या आणि गुंगी आली, तर वय पाच असो की तीस, आधी शंट बंद पडला नाही ना हे बघायचं. आणि लॅटेक्सची (हातमोजे, कॅथेटर यांतल्या रबराची) अ‍ॅलर्जी फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहायची.

एकच मूत्रपिंड असलेल्या मुलाला दरवर्षी बीपी आणि लघवीतलं प्रथिन, एवढं पुरतं, पण ते दरवर्षी हवं. टाळू दुभंगलेल्या मुलाचं ओठांचं ऑपरेशन सुंदर झालं तरी कानात पाणी साठत राहतं, म्हणून ऐकणं तपासत राहा. बोलणं उशिरा येण्यामागे अनेकदा कानच असतात. जन्मतः वर राहिलेलं वृषण ऑपरेशननं खाली आणलेल्या मुलाला वयात आल्यावर स्वतः चाचपून बघायला शिकव, कारण कर्करोगाचा थोडा वाढीव धोका उरतोच.

कर्करोगाबद्दल तू मुद्दाम विचारलं आहेस. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एक कोटीहून अधिक जन्मांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुणसूत्रांचा दोष असलेल्या मुलांत वयाच्या १८ वर्षांपर्यंत कर्करोगाचा धोका इतर मुलांच्या ११.६ पट आढळला, बाकीच्या जन्मजात दोषांत २.५ पट. हे आकडे आईवडिलांपुढे असे उघडे टाकू नकोस. लहानपणीचा कर्करोग मुळातच विरळा आहे, त्याचा धोका अडीचपट झाला तरी तो विरळाच राहतो. प्रत्येक मुलाचे स्कॅन करत सुटायचं नाही. कुठे काय शोधायचं ते ठरलेलं आहे. डाउन सिंड्रोममध्ये ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) खूण मनात ठेवायची. बेकविथ-वीडेमान (शरीराची प्रमाणाबाहेर वाढ होणारा जन्मजात विकार) असेल, तर सातव्या-आठव्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची. बाकीच्या आईवडिलांना इतकंच सांग की न जाणारा ताप, उगाच उठणारे काळेनिळे डाग किंवा पोटात लागणारी गाठ दिसली, तर वाट बघू नका.

आता जे फाईलमध्ये सहसा नसतं त्याबद्दल. हृदयाचा गुंतागुंतीचा दोष असलेल्या बऱ्याच बाळांच्या मेंदूची वाढ जन्माच्या आधीपासूनच थोडी मागे असते. त्यात कमी ऑक्सिजन, मोठी ऑपरेशनं, आयसीयूतले दिवस यांची भर पडते. मूल चांगलं बोलतं, हसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. तिसरी-चौथीत एकापाठोपाठ तीन सूचना दिल्या की पहिलीच लक्षात राहते, वही अर्धी राहते, आणि शाळा त्याला आळशी ठरवते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्येच अशा मुलांची विकासाची तपासणी नियमित करायला सांगितलं आहे. तुझ्या ओपीडीत दर वेळी प्रगतिपुस्तक मागव. गुणांपेक्षा शिक्षकांचा शेरा वाच. लवकर लक्षात आलं, तर लेखी सूचना, थोडा जादा वेळ, पुढच्या बाकावर जागा, इतक्यानंही मूल सावरतं.

आणि खेळाचं. घाबरलेल्या घरांत, कुणी सांगितलेलं नसतानाही, या मुलांचं पळणं बंद झालेलं असतं. बहुतेकांना खेळायला हरकत नसते. ज्यांना बंधन हवं त्यांनाही ते नेमकं हवं: स्पर्धा नको पण पोहणं चालेल, दमलास की थांब. हे चिठ्ठीवर लिहून दे, नाहीतर शाळा त्याला वर्षभर मैदानाच्या कडेला बसवून ठेवेल. लठ्ठपणा आणि बीपी हा या हृदयांवर वेगळा बोजा आहे. मुलाला आपण इतरांपेक्षा कमी आहोत असं वाटत राहतं ते तर त्याहून जड. मोठेपणी या लोकांत चिंता आणि नैराश्य जास्त दिसतं. छातीवरचा व्रण लपवायला पोहणं टाळणारी चौदा वर्षांची मुलगी तुझ्याकडे येईल. तिच्याशी इकोइतकाच वेळ बोल.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सोळा ते बावीस या वयाची. बालरोगतज्ज्ञांकडे येणं थांबतं, मोठ्यांच्या डॉक्टरांकडे कुणी पाठवत नाही, आईच्या हातातली फाईल घरीच राहते. मग कधीतरी मूल तिसऱ्याच गावी इमर्जन्सीत पोचतं आणि ‘लहानपणी हृदयाचं काहीतरी ऑपरेशन झालंय’ एवढंच सांगू शकतं. याची तयारी बाराव्या वर्षापासून कर. भेटीचा थोडा वेळ आईवडिलांना बाहेर बसव. आजाराचं नाव, कुठलं ऑपरेशन, कुठली गोळी, कशासाठी, कुठलं लक्षण आलं की धावायचं, हे त्याच्या तोंडून ऐक. पहिल्यांदा जमणार नाही, दर भेटीला विचारत राहा. मुलींशी गर्भधारणेबद्दल वेळेआधी बोल. फुप्फुसातला दाब खूप वाढलेला असेल तर बाळंतपणात जिवाला धोका असतो. फॉन्टान झालेलीला इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गाठी होण्याची भीती असते. स्पायना बिफिडा असलेलीला दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा खूप जास्त लागतं. आई शेजारी बसलेली असताना यातलं काहीच विचारलं जात नाही.

एक पानी सारांश तूच तयार कर: निदान, ऑपरेशनांच्या तारखा, शरीरात बसवलेल्या वस्तू, शेवटचा इको आणि बीपी, अ‍ॅलर्जी, पुढची तपासणी कधी. त्याचा फोटो मुलाच्या फोनमध्ये तुझ्यासमोर काढून घे. मोठ्यांच्या डॉक्टरांचं नाव आणि पहिल्या भेटीची तारीख हातात दिल्याशिवाय कुणाला निरोप देऊ नकोस. ती तारीख उलटून गेल्यावर एक फोन कर. तो गेला नसेल, तर नवी तारीख घे आणि परत फोन कर.

सस्नेह,
तुझी मॅडम