एमआरआयत पस दिसतोय, पण पायाचा अंगठा काय म्हणतो?

ताई, वडिलांचं मणक्याच्या टीबीचं, डी ८-डी ९ चं (पाठीच्या मधल्या मणक्यांचं) ऑपरेशन होऊन चार महिने झाले, एकेटी (टीबीची औषधं) चालू आहे, तरी पाय ताठ होतात, रात्री आपोआप उडतात आणि नव्या एमआरआयत 'अजून पस आहे' असं लिहिलंय. यातून मी स्वतः गेलोय, माझा मणका फक्त थोडा खालचा होता. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

एमआरआय नेहमी मागे असतो. माणूस चालायला लागतो तरी त्यात सूज, पस दिसत राहतो. आणि पाय उडणं म्हणजे ताकद येणं नव्हे, घरचे उगाच पेढे वाटतात. खरी खूण म्हणजे सांगितल्यावर अंगठा हलणं. लघवीवरचा ताबा बऱ्याचदा सगळ्यात शेवटी येतो. पाय एकाएकी जास्त कडक झाले तर बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारं औषध) वाढवून मागण्याआधी लघवीची तपासणी करा, पोट साफ होतंय का बघा. निम्म्या वेळा कारण तिथेच सापडतं, निदान माझं तरी सापडायचं.

आता माझं दुखणं. सर्जनने टेलर ब्रेस (पाठीला आधार देणारा पट्टा) लावून बसवा, उभं करा म्हटलं होतं. पण ज्या फिजिओ सेंटरमध्ये मला ठेवलं, तिथला नियम वेगळा: 'एमआरआय क्लिअर आल्याशिवाय पेशंट उभा करत नाही.' बरं, झोपवलंत तर झोपवलंत, पायांना स्प्लिंट तरी लावाल? तेही नाही. रोज येऊन गुडघे चार वेळा वाकवायचे, रजिस्टरवर सही घ्यायची, झालं. पायात जीव आला तेव्हा टाचेमागची शीर इतकी आखडली होती की टाच जमिनीला टेकेना. मज्जारज्जू सुधारला आणि घोट्याने दगा दिला! अजूनही चढावर त्रास होतो. बिल मात्र वेळेवर यायचं.

म्हणून माझं ठाम मत: 'ब्रेससह उभं करायला हरकत नाही' हे सर्जनकडून कागदावर लिहून घ्या आणि फिजिओच्या हातात द्या. त्यांनी अजून नको म्हटलं तर का आणि कधीपर्यंत, तेही लिहून घ्या.

जाता जाता: औषध खाजगीत चालू असलं तरी निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद करून घ्या. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणाचे महिना १००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. बी-६ ची गोळी चुकवू नका. रंग फिके दिसले तर एथॅम्ब्युटॉलचं (एकेटीतलं एक औषध, नजरेवर परिणाम करू शकतं) नाव घेऊन लगेच डॉक्टरांना दाखवा.

मात्र आलेली ताकद परत जायला लागली किंवा ताप उलटला, तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी सर्जन गाठा.

ऑपरेशनच्या वेळच्या पसाचा सीबीनॅट (टीबीचे जंतू औषधाला दाद देतात का हेही दाखवणारी तपासणी) रिपोर्ट काय आला होता? रिफाम्पिसिनला (टीबीच्या मुख्य औषधाला) रेझिस्टन्स नाही असं त्यात असेल, तर तुमची बरीचशी काळजी कमी होईल.