बी.कॉम.नंतर समाजशास्त्रात एम.ए. करता येईल का? कुठून करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: बी.कॉम. ५२ टक्क्यांनी झालंय, पुण्यात नोकरी चालू आहे, आता समाजशास्त्रात एम.ए. करायचंय. विषय बदलून प्रवेश मिळतो का, नियमित करावं की दूरशिक्षणातून, आणि पुढे प्राध्यापक व्हायचं ठरवलं तर ही पदवी चालेल का.

प्रवेश मिळतो. समाजशास्त्राचं एम.ए. बहुतेक विद्यापीठांत कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुलं असतं. काही ठिकाणी गुणवत्ता यादीत बी.ए. समाजशास्त्रवाल्यांना आधी घेतात, काही ठिकाणी प्रवेश परीक्षेचे गुणच काय ते पाहतात. त्यामुळे बी.कॉम.चे ५२ टक्के तुम्हाला फारसे नडणार नाहीत. नडू शकतात ते एम.ए.चे ५५.

सहायक प्राध्यापकपदासाठी आणि त्याआधीच्या नेट (देशपातळीवरची) आणि सेट (राज्यपातळीवरची) या पात्रता परीक्षांसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेअरमधले ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० चालतात. ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला, नेटमध्ये ही सवलत नाही, आणि इथे बरेच जण गाफील राहतात. टक्केवारी वरच्या अंकाला नेऊन मोजत नाहीत, ५४.९ म्हणजे अपात्र. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी) असेल तर तो टक्क्यांत बदलायचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. ते सूत्र प्रवेश घेतानाच मागून घ्या, म्हणजे किती सीजीपीए म्हणजे ५५ टक्के हे पहिल्या सत्रापासून माहीत राहील. म्हणून ‘चांगलं विद्यापीठ कुठलं’ याआधी ‘नोकरी सांभाळून मला ५५ टक्के कुठे नक्की पडतील’ हे बघा, असं माझं मत आहे.

आता अभ्यासक्रम. राज्यात २०२३-२४पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली. दोन वर्षं, चार सत्रं, एकूण ८८ श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ श्रेयांकांचा पेपर असतो. दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प. मग संशोधन प्रकल्प, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांकांचा. बाकीचे मुख्य विषय आणि एक-एक वैकल्पिक पेपर. पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांकांवर थांबलात तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. चार वर्षांची ऑनर्स पदवी असणाऱ्यांना एम.ए. एका वर्षाचं, तुमचं बी.कॉम. तीन वर्षांचं असेल तर दोन वर्षं धरून चाला.

बाहेरच्या शाखेतून आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात अडकतो तो सिद्धांतांच्या पेपरात. मार्क्स, दुरखीम, वेबर ही नावं बी.ए.वाल्यांनी तीन वर्षं ऐकलेली असतात, तुम्हाला ती जुलैत भेटतात आणि नोव्हेंबरात परीक्षा. उपाय साधा आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची समाजशास्त्राची पुस्तकं मराठीत फुकट उतरवून घेता येतात. ती आधी वाचा. मग इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, एम.ए.चं अभ्याससाहित्य त्यांच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर आहे, तेही फुकट. गाईडं नंतर, घ्यायचीच असतील तर. संशोधन पद्धतीत मात्र तुमचं पारडं जड राहील. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे बी.कॉम.ला झालेलं असतं आणि कला शाखेची मुलं त्यालाच घाबरतात.

खरी गळती संशोधन प्रकल्पात होते. विषय ‘महाराष्ट्रातील महिला सक्षमीकरण’ एवढा मोठा घेतला की शेवटच्या महिन्यात इंटरनेटवरून उचलाउचली सुरू होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावं लागतं, ४०च्या वर वर्षभर सादर करायला बंदी आणि ६०च्या वर नोंदणीच रद्द. विषय असा घ्या की ज्याची माणसं तुम्हाला भेटू शकतात. एका औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांच्या खोल्या, एका सोसायटीतल्या घरकामगार, एका गावातली भावकी आणि जमिनीची वाटणी. पंधरा-वीस सखोल मुलाखती नीट घेतल्या तर त्यातून चांगला प्रकल्प उभा राहतो. दोनशे जणांची गूगल फॉर्मवरची प्रश्नावली भरायला सोपी पडते, पण तिच्यातून निष्कर्ष काय काढायचा हे तोंडी परीक्षेत सांगता येत नाही, कारण फॉर्म भरणारे सगळे ओळखीतलेच असतात. मुलाखतीची परवानगी लेखी घ्या, आणि कंपनीत जाऊन करणार असाल तर व्यवस्थापनाचं पत्र पहिल्या महिन्यात मागा. ते यायला वेळ लागतो.

नोकरदारांनी दुसऱ्या सत्रातल्या प्रशिक्षणाचाही विचार आधीच करावा. चार श्रेयांक म्हणजे साधारण १२० तास. स्वतःच्या ऑफिसात ते भरू देतील का, हे विभागावर अवलंबून आहे. काही विभाग क्षेत्रीय प्रकल्प शनिवार-रविवारी करू देतात. प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा, फोनवर याचं धड उत्तर मिळत नाही.

कुठे करावं? नियमित करायचं असेल तर पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आहे. परिसरातल्या विभागासाठी विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते. संलग्न महाविद्यालयांत बहुधा गुणवत्ता यादीवर काम भागतं. विभागात शिकवणं इंग्रजीकडे झुकलेलं, महाविद्यालयांत मराठीकडे. मुंबई विद्यापीठाचा विभाग देशातला सर्वांत जुना, १९१९चा. पॅट्रिक गेडिस पहिले प्रमुख आणि १९२४पासून समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये. कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड इथल्या विद्यापीठांतही हा विषय आहे, स्त्रियांसाठी एसएनडीटी आहे. गोवा विद्यापीठात प्रवेशासाठी त्यांची स्वतःची ‘जीयू-आर्ट’ परीक्षा द्यावी लागते. नियमित वर्गाला ७५ टक्के हजेरी लागते. ‘हजेरीचं बघून घेऊ’ असं एखाद्या ठिकाणी सांगतात, त्यावर विसंबू नका. अंतर्गत गुण हजेरी आणि सादरीकरणातूनच येतात, आणि बहुतेक ठिकाणी अंतर्गत आणि सत्रांत परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं.

दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, हैदराबाद अशा केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ७५ प्रश्न, ९० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. समाजशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. याचे फॉर्म हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. जूनमध्ये जागं होणाऱ्याचं वर्ष इथेच जातं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला समाजशास्त्र विभाग एम. एन. श्रीनिवास यांनी १९५९मध्ये उभा केला, पीएच.डी.पर्यंत जायचं असेल आणि नोकरी सोडायची तयारी असेल तर तिथला किंवा जेएनयूचा प्रयत्न जरूर करा. दोन्हीकडचं वाचन इंग्रजीतून आणि भरपूर असतं.

मुंबईच्या टिसबद्दल (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. संस्था मोठी आहे, पण तिथल्या बऱ्याच पदव्यांची नावं समाजकार्य, विकास अभ्यास अशी असतात. पदवीच्या नावात समाजशास्त्र नसेल तर पुढे समाजशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी ती ‘संबंधित विषय’ ठरते का, हा वाद निवडीच्या वेळी उभा राहू शकतो. तशीच गल्लत एम.एस.डब्ल्यू.ची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची. रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, संस्थेतला क्षेत्रीय अधिकारी अशा नोकऱ्यांच्या जाहिरातीत बहुधा एम.एस.डब्ल्यू. मागतात, तिथे समाजशास्त्राचं एम.ए. चालेलच असं नाही. तुम्हाला तसलं काम हवं असेल तर कर्वे समाजसेवा संस्था किंवा निर्मला निकेतनकडे बघा, समाजशास्त्राकडे नको.

नोकरी सोडायची नसेल तर दूरशिक्षण. यूजीसीची मान्यता असलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. नेट, सेट, पीएच.डी. सगळ्याला चालते. पण मान्यता विद्यापीठाला आहे एवढं पुरत नाही. त्या वर्षासाठी, त्या विषयासाठी ती आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर तपासा. २०२४-२५पासून प्रवेशाआधी स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, त्याला एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक, लागतो. ‘आयडीबिडी आम्ही करतो, तुम्ही फक्त पैसे भरा’ म्हणणारं केंद्र दिसलं की उठून या.

पर्याय तीन लक्षात ठेवा. इग्नू: जानेवारी आणि जुलै असे दोनदा प्रवेश, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, परीक्षा जून आणि डिसेंबरात, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. स्वाध्यायांना ३० टक्के वजन आहे. इथे लोक हमखास चुकतात ते गेल्या वर्षीच्या प्रश्नांची उत्तरं लिहून देण्यात. स्वाध्याय सत्रागणिक बदलतात आणि जुने बाद होतात. अभ्यासकेंद्राची पोच जपून ठेवा, कारण गुण चढले नाहीत तर हातात तेवढाच पुरावा असतो. दुसरं, मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ केंद्र, ज्याला लोक अजून ‘आयडॉल’च म्हणतात. तिसरं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. त्यांचं समाजशास्त्राचं मराठीतलं साहित्य नीट लिहिलेलं आहे. मात्र राज्य विद्यापीठांची दूरस्थ केंद्रं आणि परीक्षा त्यांच्या कार्यक्षेत्रातच असतात, तेव्हा पुण्याहून रजा काढून जाणं किती जमेल ते आधी मोजा. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात त्या वर्षी कोणत्या विषयांत एम.ए. आहे, ते माहितीपुस्तिकेतच पाहावं.

माध्यमाचा प्रश्न लहान वाटतो, पण गुण त्यावरच ठरतात. उत्तरं मराठीत लिहून ६० पडत असतील आणि इंग्रजीत ४८, तर मराठीतच लिहा. महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट मराठीत वाचून देता येते. नेट इंग्रजी-हिंदीत असते. दोन्हींत ऋण गुण नाहीत. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण. नेटमध्ये समाजशास्त्राचा क्रमांक ०५. एम.ए.च्या शेवटच्या वर्षातही फॉर्म भरता येतो, मग मुदतीत ५५ टक्क्यांसह पदवी दाखवावी लागते. कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एम.ए.ला ५० टक्के आणि सोबत बी.एड. यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेण्यासाठी मात्र एम.ए.ची गरज नाही. नुसत्या त्यासाठी दोन वर्षं घालवू नका.

पैशाचं: नियमित प्रवेश असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्ती योजना बघा. अनुसूचित जातींच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाख. पगारदार असाल तर तहसीलदारांचा दाखला घेताना पगाराचं उत्पन्नही मोजलं जातं, ते लपवू नका.

कागदपत्रांत अडतं ते तीन ठिकाणी. बी.कॉम. दुसऱ्या विद्यापीठाचं असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. ते मूळ विद्यापीठातून यायला आठवडे लागतात, म्हणून निकाल हातात असेल तर आजच अर्ज करा. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आणि नावातला फरक: दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि एबीसी आयडीवर नाव अक्षरशः सारखं नसेल तर श्रेयांक चढत नाहीत. आधारची दुरुस्ती प्रवेशाच्या आधी करून घ्या.