इक्लिप्समध्ये एकही एरर नाही, मग वॉर सर्व्हरवर टाकली की क्लास सापडत नाही, असं का?

तुमचा प्रश्न लांब आहे, त्यातलं कामाचं आधी उचलतो. साताऱ्यातल्या एका पतसंस्थेसाठी तुम्ही पिग्मी कलेक्शनचं वेब अ‍ॅप्लिकेशन केलंय. इक्लिप्समध्ये, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एररची लाल फुली एकही नाही. वॉर (सगळं अ‍ॅप्लिकेशन बांधलेली एकच फाइल) काढून उबुंटू लिनक्सच्या सर्व्हरवर टॉमकॅट १० मध्ये (जावाची वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणारा प्रोग्रॅम) टाकली तर 'क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन: ऑर्ग.स्प्रिंगफ्रेमवर्क.वेब.कॉन्टेक्स्ट.कॉन्टेक्स्टलोडरलिसनर'. मग कुणीतरी सांगितलं म्हणून बिल्ड पाथमधल्या सगळ्या जार (तयार क्लासचे गठ्ठे) उचलून टॉमकॅटच्याच लिब फोल्डरमध्ये ओतल्या. आता 'नोक्लासडेफफाउंडएरर: जावाएक्स/सर्व्हलेट/सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनर'. सोमवारी संस्थेत दाखवायचंय, आणि तुम्ही लिहिलंय की 'एरर तोच आहे, काही फरक पडला नाही.'

फरक पडलाय की! दोन वेगळे एरर आहेत आणि त्यामागे दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली तुम्ही चुकीच्या मार्गाने का होईना ओलांडलीत, आता दुसरी समोर आलीय. 'क्लास सापडत नाही' एवढं वाचून आपण थांबतो आणि जार शोधायला धावतो, तिथंच घोळ होतो. कोणता क्लास, कोण शोधतंय आणि कुठं शोधतंय, हे तीन प्रश्न सुटले की जार कुठं टाकायची ते आपोआप कळतं. हळद सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवात पडलेली आणि आपण यार्डातल्या गोडाऊनची झडती घ्यायची, असं करून उपयोग नाही.

दोन नावांतला फरक आधी बघा. क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन येतं तेव्हा कुणीतरी क्लासचं नाव मजकूर म्हणून देऊन 'हा आणून दे' असं सांगितलेलं असतं. तुमच्या बाबतीत ते नाव वेब.एक्सएमएल या अ‍ॅप्लिकेशनच्या मांडणीच्या फाइलमध्ये लिहिलंय, टॉमकॅटने तिथून वाचलं आणि शोधायला गेला. नोक्लासडेफफाउंडएररमध्ये नाव कुणी असं हातात दिलेलं नसतं. कंपाइल करताना तो क्लास हजर होता, दुसरा एखादा क्लास त्याच्यावर टेकून उभा आहे, आणि चालवायच्या वेळी टेकू गायब. खूणही सोपी: पहिल्यात नावामध्ये टिंबं असतात, दुसऱ्यात बहुतेक वेळा तिरप्या रेघा. तुमच्या दोन ओळी पुन्हा वाचा, दिसेल.

आता पहिली चूक. इक्लिप्समध्ये 'बिल्ड पाथ'ला जार जोडली म्हणजे कंपायलरला ती दिसते, एवढंच. वॉरमध्ये ती जाते असं अजिबात नाही. इक्लिप्स हे सांगतंसुद्धा, पण पिवळ्या रंगात. 'प्रॉब्लेम्स'च्या खिडकीत एक ओळ असते: ही क्लासपाथमधली नोंद एक्सपोर्ट किंवा पब्लिश होणार नाही, चालवताना क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन येऊ शकतं. चक्क एररचं नाव घेऊन इशारा दिलेला असतो! पण पिवळं कोण वाचतंय राव, आपल्याला लाल दिसलं तरच जाग येते. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिप्लॉयमेंट असेंब्ली' नावाचं पान आहे, तिथं जाऊन 'जावा बिल्ड पाथ एन्ट्रीज' जोडा (मेव्हन, म्हणजे जार आपोआप गोळा करणारं साधन, वापरलेला प्रोजेक्ट असेल तर तिथंच 'मेव्हन डिपेंडन्सीज' दिसेल). नाहीतर सरळ जार अ‍ॅप्लिकेशनमधल्या वेब-इन्फ फोल्डरच्या आत लिब फोल्डरमध्ये ठेवा.

मग वॉर पुन्हा काढा आणि सर्व्हरवर चढवण्याआधी उघडून बघा. वॉर म्हणजे शेवटी झिपच. लॅपटॉपवर कॉपी करून शेवटचं नाव झिप करा आणि उघडा, किंवा टर्मिनलमध्ये जार कमांडला टीएफ पर्याय देऊन यादी काढा. वेब-इन्फ/क्लासेसमध्ये तुमचे स्वतःचे क्लास, वेब-इन्फ/लिबमध्ये स्प्रिंगच्या (तुम्ही वापरलेल्या तयार फ्रेमवर्कच्या) जार, असं दिसलं पाहिजे. आकारावरूनही अंदाज येतो. नुसत्या स्प्रिंगच्या जारच काही एमबी भरतात, त्यामुळे तुमची वॉर दोन-चारशे केबीची असेल तर आत काही नाही हे उघडायच्या आधीच समजा. मी तर हल्ली कुणाचाही असला प्रश्न आला की आधी 'वॉर किती एमबीची आहे?' एवढंच विचारतो. निम्मे जण तिथंच 'अच्छा' म्हणून फोन ठेवतात.

मेव्हन वापरणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. मेव्हनच्या पॉम.एक्सएमएल या यादीत जारच्या खाली 'स्कोप' लिहितात, त्यात 'प्रोव्हायडेड' लिहिलं की ती जार कंपाइलला असते, वॉरमध्ये जात नाही. हे लग्नाच्या मंगल कार्यालयासारखं आहे. गाद्या, ताटं, पातेली कार्यालयवाले देतात म्हणून आपण घरून नेत नाही. सर्व्हलेटची (वेबवरच्या विनंत्या हाताळणाऱ्या जावा क्लासच्या पायाची) जार तशी आहे, ती टॉमकॅटकडे असतेच, ती प्रोव्हायडेडच पाहिजे. पण कुणीतरी नेटवरून पॉम उचललेलं असतं, त्यात जेएसटीएल (वेब पानांसाठीचे तयार टॅग) किंवा दुसरंच काही प्रोव्हायडेड असतं, कारण मूळ माणसाचं कार्यालय मोठं होतं, तिथं सगळं मिळायचं. टॉमकॅट लहान कार्यालय आहे. जेएसटीएल त्याच्याकडे नसतं, आपलं आपण न्यायचं. पंगत बसल्यावर कळून काय उपयोग?

दुसरी चूक तुमच्या कोडमध्ये नाहीच, जोडी जुळवण्यात आहे. तुमचं स्प्रिंग ५ आहे, असं प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय. खरं तर तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची होती. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई (सर्व्हलेट ज्यात येतं तो जावाचा भाग) इक्लिप्स फाउंडेशनच्या स्वाधीन करायचं ठरवलं, पण 'जावाएक्स' या नावाने पुढं नवीन भर घालायची मुभा मिळाली नाही. म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये 'जावाएक्स.सर्व्हलेट'चं थेट 'जकार्ता.सर्व्हलेट' झालं. टॉमकॅट ९ जुन्या नावाचा, १० पासून पुढं नव्या नावाचा. स्प्रिंग ५ जुन्या नावाचं, स्प्रिंग ६ नव्या नावाचं. तुमचा लिसनर (अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना टॉमकॅट ज्याला हाक मारतो तो क्लास) सापडला, तो म्हणाला मला जावाएक्सवाला सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनर द्या, आणि टॉमकॅट १० कडे त्या नावाचं कुणी राहतच नाही. माणूस तोच, पण लग्नानंतर आडनाव बदललंय आणि पोस्टमन जुन्या आडनावाने हाका मारतोय.

इथं एक मोह होतो, तो टाळा. 'मग जुनी सर्व्हलेटची जार मीच टाकतो की!' टाकलीत तर हा एरर जाईल, पण टॉमकॅट १० त्याच्या नव्या नावाच्या लिसनरची वाट बघत बसतो, तुमचा जुन्या नावाचा लिसनर त्याला लिसनर वाटतच नाही. एररचं फक्त नाव बदलतं.

सोमवार गाठायचा असेल तर सर्व्हरवर टॉमकॅट ९ बसवा, विषय संपला. पुढं वेळ मिळेल तेव्हा स्प्रिंग ६ वर जा. त्याला जावा १७ किंवा त्याच्या पुढचं लागतं, आणि तुमच्या कोडमधली जावाएक्स.सर्व्हलेटची सगळी इम्पोर्ट बदलावी लागतील. मधला मार्गही आहे: टॉमकॅट १० च्या वेबअ‍ॅप्स फोल्डरशेजारी 'वेबअ‍ॅप्स-जावाईई' नावाचा फोल्डर करून वॉर त्यात टाकली तर तो स्वतःच नावं बदलून घेतो. साध्या अ‍ॅप्लिकेशनला चालतं. पण पतसंस्थेच्या लोकांसमोर पहिल्यांदा दाखवताना मी हा जुगार खेळणार नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी टॉमकॅटच्या लिबमध्ये ओतलेल्या जार बाहेर काढा. हे ऐच्छिक नाही. टॉमकॅटमध्ये प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनचा वेगळा क्लासलोडर, म्हणजे क्लास शोधून आणणारा, असतो. तो आधी आपल्या घरात बघतो, म्हणजे वेब-इन्फच्या क्लासेस आणि लिबमध्ये, आणि तिथं नसेल तर वरच्याला, म्हणजे टॉमकॅटच्या सामायिक लिबला विचारतो. (जावाचे स्वतःचे क्लास आणि सर्व्हलेटसारखे काही मात्र नेहमी वरूनच येतात.) खालच्याला वरचं दिसतं, वरच्याला खालचं दिसत नाही. त्यामुळे सामायिक लिबमधल्या एखाद्या जारला तुमच्या वेब-इन्फमधला क्लास हवा असेल तर तो डोळ्यासमोर असून दिसणार नाही. आणि तीच जार दोन्हीकडे असली तर त्याहून मजा: 'अमुक क्लासचं रूपांतर अमुक क्लासमध्ये होत नाही', दोन्ही नावं अक्षरशः सारखी! त्यावर माझा एक अख्खा रविवार गेलाय. सामायिक लिबमध्ये हक्काने जाणारी जार मला एकच आठवते, ती म्हणजे डेटाबेसच्या ड्रायव्हरची, तीसुद्धा कनेक्शन पूल (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा) टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये बांधला असेल तर. कारण पूल टॉमकॅट चालवतो, ड्रायव्हर त्यालाच लागतो.

आता माझी स्वतःची फजिती, कारण तुमचे दोन्ही एरर सुटल्यावर हा तिसरा भेटायची शक्यता आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानाला मी सौदापट्टीचं अ‍ॅप्लिकेशन करून दिलं होतं. ऐन हंगाम, दारात राजापुरी हळदीच्या पोत्यांची थप्पी, शेतकरी पट्टीसाठी ताटकळलेले. दिवाणजींचा फोन, 'साहेब, छापाचं बटण दाबलं की पांढरं पान येतंय.' विश्रामबागहून गाडी काढली, पोहोचेपर्यंत त्यांनी ते बटण पंचवीस वेळा दाबलेलं. लॉगच्या शेवटी बघितलं तर नोक्लासडेफफाउंडएरर, पट्टी छापणारा माझाच क्लास. वॉर उघडली, क्लास आत आहे. पुन्हा चढवली, तेच. क्लास आहे, जागेवर आहे, नाव बरोबर आहे, तरी म्हणतो नाही. दिवाणजींनी तोवर जुनं पावतीपुस्तक काढून हाताने पट्ट्या लिहायला घेतल्या होत्या, आणि माझ्याकडे न बघता.

तासाभराने ती ओळ मी नीट वाचली. 'क्लास सापडला नाही' असं तिथं लिहिलंच नव्हतं. 'कुड नॉट इनिशियलाइझ क्लास' असं होतं. म्हणजे क्लास सापडला, पण उभा राहताना पडला. त्याच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये (क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच चालणाऱ्या भागात) मी दुकानाचा लोगो वाचत होतो, आणि पत्ता माझ्या लॅपटॉपचा, डी ड्राइव्हचा. लिनक्सच्या सर्व्हरवर कुठला आलाय डी ड्राइव्ह! जावा एकदा पडलेला क्लास पुन्हा उभा करून बघत नाही. पहिल्या वेळी खरं कारण एक्सेप्शनइनइनिशियलायझरएररच्या खाली सांगतो, त्यानंतर (जावा १७ च्या आधीच्या जावांत तरी) प्रत्येक वेळी फक्त 'नाही' म्हणतो. खरं कारण दिवाणजींच्या पहिल्या दाबण्यात, लॉगमध्ये हजारभर ओळी वर पडलं होतं आणि मी शेपूट हातात धरून बसलो होतो. म्हणून असा एरर दिसला तर टॉमकॅट बंद करून चालू करा, बटण एकदाच दाबा आणि पहिला एरर वाचा. त्यातही सगळ्यात खालचं 'कॉज्ड बाय'.

लॉगवरून आठवलं, टॉमकॅटच्या कॅटलिना नावाच्या मुख्य लॉगमध्ये 'एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत, तपशील योग्य त्या कंटेनर लॉगमध्ये' एवढंच दिसलं तर डोकं धरून बसू नका. त्याच लॉग्ज फोल्डरमध्ये लोकलहोस्ट आणि तारीख अशा नावाची फाइल असते, खरी कहाणी तिच्यात असते.

बाकी भानगडी पटापट सांगतो. विंडोजला फाइलच्या नावात लहान-मोठं अक्षर सारखंच, लिनक्सला नाही, त्यामुळे वेब.एक्सएमएलमधलं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. जावाएक्स.एक्सएमएल.बाइंडच्या नावाने बोंब असेल तर सर्व्हरवर जावा ११ किंवा पुढचं आहे. जेएएक्सबी (एक्सएमएल वाचायची-लिहायची सोय) त्यातून काढलंय, त्याची जार वेगळी न्यावी लागते. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' आणि ६१, ५५, ५२ असे आकडे दिसले तर क्लास हरवलेला नाही, सर्व्हरचं जावा जुनं आहे: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. वॉर चढवताना नेट तुटलं असेल तर अर्धीच पोचते, दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये जुळवा. आणि जार आहे, पण टॉमकॅट ज्या युजरने चालतो त्याला वाचायची परवानगी नाही, हे सुडो लावून कॉपी करणाऱ्यांच्या बाबतीत हमखास.

तर आज रात्री टॉमकॅट बंद करा, लिबमधल्या आपल्या जार काढा, वेबअ‍ॅप्समधला वॉर उलगडून झालेला जुना फोल्डर पुसा, वर्क फोल्डरमधलं त्याचं खातंही पुसा. टॉमकॅट ९ वर, आत बघून खात्री केलेली वॉर चढवा. तरीही अडलं तर वॉरचा आकार, वेब-इन्फ/लिबची यादी आणि लोकलहोस्टच्या लॉगमधलं पहिल्या एररचं शेवटचं 'कॉज्ड बाय' इथंच खाली टाका. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर टाका. रविवारी दुपारनंतर मी घरीच आहे.