व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये चांगुलपणाचा मीटर ठेवला तर प्रेमकथा खोटी का वाटते? काय बदलावं?

तुमच्या व्हिज्युअल नॉव्हेलची, म्हणजे संवाद वाचत आणि पर्याय निवडत खेळायच्या कथेची, मांडणी मला कळली ती अशी: चार पात्रं, प्रत्येकाचे वेगळे प्रेमगुण, शिवाय नायकासाठी −50 ते +50 असा चांगुलपणाचा एकच मीटर. कुणाचीही वाट (त्या पात्रासोबतचा कथेचा फाटा) उघडायची तर हा मीटर +20 च्या वर हवा. खेळून पाहणारे बहुतेक सगळे एकाच पात्राच्या वाटेला लागतात आणि वर म्हणतात, प्रेम जुळल्यासारखं वाटत नाही, कमावल्यासारखं वाटतं. गेम रेनपाय या व्हिज्युअल नॉव्हेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधताय.

मीटर काढून टाका. आकडे वरखाली करून तो सुधारणार नाही.

एक तर त्याचं गणितच फसवं आहे. पाच भल्या आणि पाच वाईट गोष्टी करणारा शून्यावर येतो आणि काहीच न करणाराही शून्यावरच असतो. प्रेमात पडणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन माणसं अगदी वेगळी आहेत. दोन वेगळे मोजणारे आकडे ठेवले तर एवढ्यापुरता प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. ‘मास इफेक्ट 2’ या गेममध्ये पॅरागॉन (भलेपणा, निळा रंग) आणि रेनेगेड (दांडगाई, लाल रंग) वेगळेच मोजले जातात. तरीही महत्त्वाच्या क्षणी समजूत घालण्याचे पर्याय उघडे हवेत म्हणून लोक सुरुवातीलाच निळा की लाल ते ठरवतात आणि पुढे प्रसंग न वाचता रंग बघून बटण दाबतात. तुमच्या +20 च्या अटीने नेमकं तेच होतंय. इरा काय म्हणाली याच्याशी खेळणाऱ्याला देणंघेणं उरत नाही, तो मीटर सांभाळत बसतो. (इरा आणि पुढे येणारा कबीर ही नावं उदाहरणापुरती.)

मीटरच्या जागी तीन प्रकारची व्हेरिएबल्स (खेळाने लक्षात ठेवायच्या नोंदी) ठेवा आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिला प्रकार घटनांचा: काय घडलं, हो की नाही. वचन दिलं होतं का, खोटं बोललात का. दुसरा प्रकार नात्याचा, प्रत्येक पात्रामागे दोन आकडे: विश्वास आणि ओढ. तिसरा प्रकार नायकाच्या कलाचा, पण तो चांगला-वाईट असा नको. दोन्ही बाजू मान्य करता येतील अशी जोडी घ्या, जसं ‘खरं बोलणं’ आणि ‘आपल्या माणसाला सांभाळणं’. दोन्हींची मोजणी वेगळी. आणि या तिसऱ्या प्रकारावर कुणाचीही वाट बंद करायची नाही. तो संवादांचा सूर बदलण्यासाठी आणि शेवटासाठी राखून ठेवा.

विश्वास आणि ओढ वेगळे ठेवले की भांडता येतं, हा यातला सगळ्यात मोठा फायदा. एकच प्रेमगुण असला की प्रत्येक मतभेद म्हणजे तोटा, मग खेळणारा होयबा बनतो. ‘ड्रॅगन एज 2’ या गेमने (2011) मैत्री आणि चुरस ही एकाच पट्टीची दोन टोकं केली आणि बहुतेक पात्रांशी दोन्ही टोकांना प्रेम जमू दिलं. कल्पना उत्तम, फक्त मधे रेंगाळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दोन वेगळ्या आकड्यांत ही अडचण येत नाही.

आता एक प्रसंग जवळून बघू. इराला सत्याची चाड, कबीरला माणसांची. दोघं एकाच नाटकमंडळीत. कबीरच्या धाकट्या भावाने मंडळीच्या पेटीतले पैसे घेतलेत आणि नायकाला ते माहीत आहे. आधीच्या एका प्रसंगात ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कबीरला देण्याचा पर्याय होता. आता इरा थेट विचारते, “तुला ठाऊक होतं?”

‘हो, त्यानेच घेतले’ म्हटलं तर इराचा विश्वास +2. कबीरचा विश्वास वचन दिलं असेल तर −3, नसेल तर −1. ‘नाही, मला काही कल्पना नाही’ म्हटलं तर कबीरचा विश्वास +2, पण इराचे आकडे आत्ता हलवायचे नाहीत. तिला अजून काही कळलेलंच नाही! फक्त ‘इराशी खोटं’ ही घटना नोंदवा. दोन प्रसंगांनंतर नायकाला कबुलीची एक संधी द्या. कबूल केलं तर इराचा विश्वास −1 आणि ओढ +1. गप्प राहिला आणि तिला बाहेरून कळलं तर विश्वास −3. तिसरा पर्याय, ‘हे तू कबीरलाच विचार’: गुण कुणाचेच बदलत नाहीत, पण नायकाने टाळाटाळ केली ही घटना नोंदली जाते आणि पुढे कधीतरी इरा म्हणते, “तू तेव्हाही असंच अंग काढून घेतलंस.”

यात बरोबर पर्याय कुठला, ते खेळणाऱ्याला सांगता येत नाही. त्याला कोण जवळचं वाटतं, एवढंच त्यातून कळतं. परिणाम उशिरा आल्याने आणखी एक गोष्ट साधते. रेनपायमध्ये माउसचं चाक वर फिरवलं की रोलबॅक होतो, म्हणजे खेळ मागे जातो. ‘चुकलं वाटतं’ असं लगेच दिसलं तर लोक मागे जाऊन दुसरा पर्याय घेतात. दोन प्रसंगांनंतर दिसलं तर बहुतेक जण आपल्या निर्णयासोबत पुढे जातात. रोलबॅक अडवता येतो, पण तो सरसकट अडवू नका. त्याने लोक चिडतात, आणि सेव्ह करून ठेवणारे तसेही मागे जातातच.

गुण कशाबद्दल द्यायचे, यात बहुतेक नवे लेखक घसरतात. गोड बोललं की गुण, भेट दिली की गुण, यातूनच ते ‘कमावल्यासारखं’ वाटणं येतं. माझ्या मते सर्वांत चांगला गुण लक्ष दिल्याचा. इराने पहिल्या भागात सहज सांगितलेली गोष्ट तिसऱ्या भागात नायकाला आठवते का, ते बघा. आणि कधीकधी जास्त काळजी घेणंच नात्याला मारक ठरू द्या. ‘कातावा शोजो’ मध्ये (2012, हाही रेनपायमधलाच) हानाको या नायिकेला सतत जपायची नाजूक वस्तू समजणाऱ्या नायकाला तिचा चांगला शेवट मिळत नाही. चांगुलपणाच्या मीटरवर तोच नायक पूर्ण गुण घेऊन गेला असता.

सगळे एकाच वाटेवर जातात, त्याचं कारण मात्र बहुधा निव्वळ आकडेमोडीचं असणार. कॉमन रूटमध्ये (वाटा फुटण्याआधीच्या, सगळ्यांना सारख्या भागात) इराचे नऊ प्रसंग, कबीरचे पाच आणि वाट ठरताना ‘ज्याचे गुण जास्त तो’, असं असेल तर इराच जिंकणार. तुलना मिळालेल्या गुणांची न करता मिळू शकणाऱ्या गुणांतल्या वाट्याची करा. मिळू शकणारे कमाल गुण काढताना सगळे प्लस आकडे मिळवत बसू नका, प्रत्यक्ष खेळता येईल अशा एका वाटेवर मोजा. समजा, दोन प्रसंग एकाच संध्याकाळचे आहेत, त्यातला एकच निवडता येतो. सरसकट बेरजेत कमाल 14 दिसतात, खरे मिळतात 11. तुम्ही 14 चे 60 टक्के धरून अट नऊवर ठेवली, की ती प्रत्यक्षात जवळपास 82 टक्क्यांची होते आणि दोनदा चुकलेल्यालाही दार बंद. 11 वर हिशोब केला तर अट सातची येते. 55 ते 65 टक्क्यांच्या मधली अट साधारण बरी.

वाट पक्की होण्याची जागा एकूण मजकुराचा साधारण एक तृतीयांश भाग झाल्यावर ठेवा आणि त्याआधी खेळणाऱ्याला सरळ विचारा, आजची संध्याकाळ कुणासोबत? गुण फक्त समोरचं पात्र हो म्हणेल की नाही ते ठरवतील, निवड खेळणाऱ्याची राहील. बरोबरीचा घोळही यातच मिटतो. पात्राला ‘नाही’ म्हणू द्या, आणि ‘नाही’ नंतरची किंवा कुणालाच न निवडल्याची वाट नीट लिहा. दोन ओळींत गुंडाळलेला एकटा शेवट शिक्षेसारखा वाटतो.

नीतीचा खरा प्रश्न शेवटाकडे येऊ द्या, आणि तिथे गुण मोजू नका, थेट विचारा. ‘फेट/स्टे नाइट’ (2004) या व्हिज्युअल नॉव्हेलच्या तिसऱ्या वाटेत नायक शिरोला सगळ्यांना वाचवण्याचं आयुष्यभराचं ध्येय आणि त्या वाटेची नायिका साकुरा यांतलं एक निवडावं लागतं. ध्येय निवडलं की कथा तिथेच संपते. हा निर्णय बोचतो, कारण आधीच्या दोन वाटा संपवल्याशिवाय ही तिसरी उघडत नाही, आणि तोवर त्या ध्येयाची किंमत वाचकाला पुरती कळलेली असते. तुमच्या नायकाचा जो कल जास्त भरला असेल, त्याच्याच विरोधात शेवटचा प्रश्न उभा करा. तिसऱ्या प्रकारची मोजणी इथे कामी येते.

आता रेनपायमधल्या चुका, ज्या लेखनातल्या वाटतात पण कोडमधल्या असतात. गुण ‘डिफॉल्ट’ या आज्ञेने जाहीर करा. ‘डिफाइन’ न बदलणाऱ्या गोष्टींसाठी आहे, त्यावर गुण ठेवले तर सेव्ह आणि रोलबॅकचा भरवसा राहत नाही. ‘डिफॉल्ट’ मुळे मागाहून नवं व्हेरिएबल घातलं तरी जुन्या सेव्हमध्ये त्याला सुरुवातीची किंमत मिळते. लेबलच्या (कोडमधल्या नाव दिलेल्या भागाच्या) शेवटी जंप किंवा रिटर्न ही आज्ञा लिहायची राहून गेली तर खेळ खालच्या लेबलात घरंगळतो, म्हणजे कबीरची वाट संपते आणि इराची सुरू होते. तुमचे सगळे एकाच वाटेवर जातात त्यात याचाही हात असू शकतो, तपासा. अटी लावताना मोठा आकडा आधी: पाचची अट वर आणि नऊची खाली लिहिली तर नऊपर्यंत कुणी पोचतच नाही. ज्या मेनूतल्या प्रत्येक पर्यायाला अट आहे आणि एकही पूर्ण होत नाही, तो मेनू रेनपाय गुपचूप गाळून पुढे जातं, म्हणून एक पर्याय कायम बिनअटीचा ठेवा.

लिंट (रेनपायमधली कोड तपासणी) चालवाच, पण तो अशा तर्काच्या चुका पकडणार नाही. दहा मेनू आणि प्रत्येकी तीन पर्याय म्हटले तरी 59,049 वाटा होतात, सगळ्या हाताने खेळणं अशक्य. पाच खेळी मात्र खेळाच: दरवेळी पहिला पर्याय, दरवेळी गोड, दरवेळी कडू, दरवेळी टाळाटाळ, आणि एक जिथे अर्धा वेळ इरा, अर्धा वेळ कबीर. त्या वेळी सगळे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहतील अशी छोटी स्क्रीन करून घ्या. ‘दरवेळी गोड’ वाली खेळी कुणाच्या तरी सर्वोत्तम शेवटाला पोचली, तर त्या पात्राचे प्रसंग पुन्हा लिहायला घ्या.