तापलेल्या पानावर युरिया फवारू नका

प्रश्न: टोमॅटोला पाणी वेळेवर चालू आहे, तरी दुपारी झाडं माना टाकतात, पानं वर वळतात, वाढ थांबली आहे. विक्रेता युरिया आणि टॉनिक एकत्र फवारा म्हणतो. फवारू का?

उत्तर: नको.

आधी पान बघा. खालची जुनी पानं पन्हाळीसारखी वळलेली, पण हिरवी आणि हाताला चामड्यासारखी जाड लागत असतील, सकाळी झाड पुन्हा ताठ होत असेल, तर हा उष्णतेचा ताण आहे. शेंड्याची पानं बारीक, पिवळी, चुरडलेली असतील तर विषाणूचा संशय घ्या. सकाळीही झाड मलूल दिसलं तर मुळं उकरून पाहा.

पारा ३५ अंशांच्या वर गेला की पाणी वाचवायला पान पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मिटून घेतं. कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, बाष्पोत्सर्जन (पानातून वाफ बाहेर पडणं) मंदावून पान आणखी तापतं. साखर बनवायला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराला (एन्झाइमला) चालू ठेवणारं जोडीचं विकर तर उष्णतेत लवकर ढेपाळतं. ऊन भरपूर, पण साखर बनत नाही. रात्री उकाडा असला की जमलेली साखरही श्वसनात खर्च होते. मका, ज्वारी, ऊस हे बरंच पेलतात. टोमॅटोला ते जमत नाही.

युरियातलं नत्र पचवायला साखरच लागते आणि तीच कमी पडलेली. वर थेंबातलं पाणी उडून जातं, क्षार पानावर उरतात, कडा करपतात. अशी करपलेली शेतं दर उन्हाळ्यात पाहतो: फवारणी भर दुपारची, मात्रा ‘थोडी जास्त’. विक्रेत्याच्या सांगण्यावरून मात्रा वाढवू नका. तीन-चार औषधं एका टाकीत मिसळू नका. गंधक या उन्हात मुळीच नको. दुपारी काहीही फवारू नका.

खर्च करायचाच तर आच्छादनावर करा. काड, पाचट, वाळलेलं गवत, जे असेल ते ओळीत दोन-तीन इंच पसरा, खोडाला टेकवू नका. मुळांशी गारवा आणि ओल टिकली की सकाळी पर्णरंध्रं जास्त वेळ उघडी राहतात. पानाची बरीचशी कमाई त्याच वेळेत होते. पाणी पहाटे किंवा संध्याकाळी, हलकं. झाड मलूल दिसलं म्हणून वाफे तुंबवू नका, मुळं गुदमरतात. फवारायचंच तर केओलिन (ऊन परतवणारी पांढरी माती), लिटरला ५० ग्रॅम, सकाळी लवकर.

सावलीसाठी शेडनेट घ्यायचं असेल आणि त्याचं अनुदान हवं असेल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका.

उष्णतेची लाट ओसरली की लगेच खताचा हप्ता टाकू नका. नवी पानं फुटलेली दिसू द्या, मग द्या.