डबा तुमचा, झाकण त्याचं

प्रश्न: ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेले तीन महिने त्याचा डबा रोज रिकामा यायचा, मी खूश होते. परवा वर्गशिक्षिका म्हणाल्या, तो डबा कचऱ्यात उपडा करतो आणि मित्रांच्या डब्यात हात घालतो. मी खूप रागावले. नवरा म्हणतो, "त्याला हवं तेच दे आणि विषय संपव." पण आज ऐकलं तर उद्या डोक्यावर बसेल ना? डब्यात काय द्यायचं हे आईबापांनी ठरवायचं की मुलांनी?

उत्तर: तुमचा राग कळतो. सकाळच्या धावपळीत भरलेला डबा कचऱ्यात गेला म्हटल्यावर कुणाचंही डोकं तापेल. पण एक आठवून बघा. रिकामा डबा यायला लागण्याआधी तो अर्धा परत यायचा का? आणि आला की घरात काय व्हायचं? माझा अंदाज, दारातच झडती. मग पोराने सोपा मार्ग काढला. खोटेपणा आहेच, पण तो डब्याच्या धाकातून आलाय. म्हणून आजपासून उरलेलं घरी आणायला पूर्ण मुभा. ओरडा नाही, टोमणा नाही, "मी एवढं राबते आणि तू" तर अजिबात नाही.

आता तुमचा प्रश्न. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची चांगली वाटणी करून ठेवली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. मला ती पटते, कारण शाळेत तसंही दुसरं काही शक्य नाही. झाकण उघडतं तेव्हा तुम्ही तिथे नसता.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मात्र अर्धंच बरोबर. शिकागोच्या बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२०-३०च्या दशकांत नुकतं दूध सुटलेल्या १५ बाळांना आपलं आपण निवडून खाऊ दिलं, आणि ती छान वाढली. हा दाखला "मुलांना सगळं कळतं" म्हणून दिला जातो. पण त्यांच्यापुढे फक्त साधे, प्रक्रिया न केलेले पदार्थ होते, आणि खरी मेख त्या यादीतच आहे हे बाईंनी स्वतःच सांगितलं होतं. यादी मोठ्यांची, निवड मुलांची. तुम्हीही तेच करा. रविवारी त्याला जवळ बसवून तुम्हाला चालणारे सात-आठ पदार्थ लिहा, त्यातून आठवड्याचे डबे त्याला ठरवू द्या. नवीन पदार्थ द्यायचा तर चमचाभरच, त्याच्या आवडीच्या पदार्थाशेजारी. अनोळखी चव अंगवळणी पडायला मुलांना दहा-पंधरा वेळाही लागतात, आपण तिसऱ्यांदाच हात टेकतो. आणि "भाजी संपव, मग गोड देते" हा सौदा नको. त्याने भाजी शिक्षा ठरते आणि गोड बक्षीस.

त्याआधी एक करा. उद्या त्याच्यासारखाच एक डबा स्वतःसाठी भरा, बंद ठेवा आणि त्याच्या सुट्टीच्या वेळेला उघडून खा. मऊ पडलंय? पाणी सुटलंय? वास कसा येतोय? शेजारचा मुलगा नाक मुरडेल असा? आमच्या लेकीचा डबा अर्धं वर्ष तसाच परत यायचा. मी तिला नखरेल ठरवून मोकळी झाले होते. एक दिवस तिच्या हातात डबा दिला, तर अंगठे लाल होईपर्यंत झाकण काही निघेना! शाळेत कुणाला "उघडून दे" म्हणायची तिला लाज वाटत होती. (त्या सहा महिन्यांतली माझी भाषणं आठवली की आजही ओशाळायला होतं.)

मित्रांच्या डब्यात हात घालणं मी फार मनावर घेणार नाही. फक्त कुणाला कशाची ॲलर्जी असू शकते, म्हणून विचारल्याशिवाय घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही, हे त्याला पक्कं सांगा. वजन घटत असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा खाण्याच्या नावानेच तो घाबरत असेल, तर सल्ले वाचत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि शिक्षिकांना भेटाल तेव्हा तक्रार ऐकून परत येऊ नका. सुट्टी नेमकी किती मिनिटांची आणि त्यातली किती मिनिटं हात धुण्याच्या रांगेत जातात, तेवढं विचारून या.