मूससाठी पहिली रायफल: मॅग्नम नको, गोळी नीट निवडा

स्वीडनमध्ये शिकारीची परीक्षा पास झालात, ऑक्टोबरात गावच्या गटाबरोबर पहिल्यांदा मूससाठी (उत्तरेकडचं थोरलं हरीण) बसणार आहात आणि दुकानदार ३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जादा जोराच्या काडतुसाची रायफल, घ्या म्हणतोय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. पहिली रायफल म्हणून तर नकोच.

मी तेच केलं होतं. चारशे किलोचं जनावर, मग काडतूसही थोरलं हवं, एवढाच माझा हिशोब. उन्हाळाभर सरावात गोळ्या कधी खाली, कधी डावीकडे. शेवटी गटातल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने रायफल मागून घेतली, माझ्याकडे पाठ करून 'भरली' आणि परत दिली. मी चाप ओढला. नुसतं 'टक्' झालं आणि नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलं. आत काडतूस नव्हतंच. धक्क्याच्या भीतीने मी आधीच डोळे मिटून खांदा आवळत होतो. कळलं, पण सवय मोडली नाही. त्याच मोसमात साठ मीटरवरच्या पाडसाला माझी गोळी फुफ्फुसाऐवजी पोटात लागली. माग काढणारा कुत्रा आणावा लागला. तीन तासांनी ते सापडलं तेव्हा जिवंत होतं. म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

स्वीडनच्या नियमांत मूसला वर्ग १ चं, म्हणजे सर्वात जोरकस गटातलं, काडतूस लागतं. गोळी १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर १०० मीटरवर तिची ऊर्जा किमान २००० ज्यूल हवी. ९ ते १० ग्रॅमची असेल तर २७०० ज्यूल. गंमत ६.५×५५ या काडतुसात दिसते. १८९४ मध्ये सैन्यासाठी आलेलं हे काडतूस तिथले लोक आजही मूसला वापरतात. त्यात १०.१ ग्रॅमची गोळी वर्ग १ मध्ये आरामात बसते, पण त्याच रायफलीतली ९.१ ग्रॅमची, जास्त वेगाची गोळी बऱ्याचदा २७०० पर्यंत पोचत नाही. त्यामुळे काडतुसाच्या नावावर जाऊ नका, खोक्यावरचे आकडे वाचा.

तुमच्यासाठी मी ३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल सुचवेन, ११.७ ग्रॅमच्या गोळीसह. धक्का सोसवतो, नळी आखूड चालते, सायलेन्सर लावला की आणखी सोपं, काडतुसे कुठेही मिळतात. ३०-०६ हे काडतूस त्याच गोळीला सेकंदाला साधारण २५-४० मीटर जास्त वेग देतं. ती रायफल स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या. ९.३×६२ हे आणखी जाड गोळीचं काडतूस उत्तम आहे, पण तो पुढचा विचार. शंभर मीटरच्या आत, झाडीत, मॅग्नमचा जादा वेग बहुतेक मांस नासवायलाच कामी येतो.

जादा पैसे घालायचे तर गोळीवर घाला. १९४६ मध्ये कॅनडात जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्याची वेगवान गोळी चिखलाने माखलेल्या मूसच्या फऱ्यावरच फुटली, आत पोचलीच नाही. तिथून त्याने मध्ये तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी घडवली. आज शिसं तांब्याच्या कवचाला पक्कं जोडलेल्या गोळ्या सर्रास मिळतात, त्यातली घ्या. निव्वळ तांब्याची घ्यायची तर थोडी हलकी निवडा, कारण तिला उमलायला, म्हणजे आत शिरून टोक पसरायला, वेग लागतो. मात्र ९ ग्रॅमच्या खाली जाऊ नका आणि ज्यूल पुन्हा तपासा.

आणखी एक. फुफ्फुसात नीट लागलेला मूस पुष्कळदा जागचा हलत नाही, किंवा काही झालंच नाही असा पन्नास पावलं चालत जातो. काडतूस कमी पडलं असं समजून बघत बसू नका. उभा आहे आणि मागे गोळी अडवणारी जमीन आहे, तोवर लगेच दुसरी गोळी घाला.

रायफल आता घेतलीत तर मोसमाआधी ८० मीटरवरच्या धावत्या मूसच्या लक्ष्यावर शंभर तरी गोळ्या झाडून होतील. अधूनमधून कुणाला तरी तुमच्या नकळत नळी रिकामी ठेवून रायफल हातात द्यायला सांगा, आणि टोक कुठे जातंय ते बघा.